नेटवर्किंग शिकायचं तर आधी अंदाज, मग पॅकेट

नेटवर्किंग शिकायला बसलेल्या बहुतेकांच्या हातात पहिल्याच दिवशी ओएसआय मॉडेलचे, म्हणजे नेटवर्कचं काम सात भागांत मांडणाऱ्या आराखड्याचे, सात थर येतात. नावं पाठ होतात, मुलाखतीत घडाघडा सांगताही येतात. पण "वायफाय जोडलेलं दिसतंय, साइट मात्र उघडत नाही, असं का?" हे कुणी विचारलं की त्या सातांपैकी एकही नाव मदतीला येत नाही. दुसरं टोक म्हणजे थेट कमांडी. व्हिडिओत बघून ओळी टाइप करायच्या, पिंग (समोरच्या यंत्राकडून उत्तर येतं का हे बघणारी कमांड) चाललं की पुढचा व्हिडिओ लावायचा. मग एखादी ओळ चालली नाही की गाडी तिथेच थांबते, कारण आधीच्या ओळींनी नेमकं काय केलं हे कळलेलंच नसतं.

दोन्ही बाजू एकत्र चालवायची साधी रीत आहे. संकल्पना वाचली की कमांड चालवण्याआधी वहीत एक ओळ लिहायची: आता काय दिसेल? मग कमांड चालवायची. अंदाज बरोबर निघाला तर पुढे जायचं. चुकला तर का चुकला ते कळेपर्यंत तिथेच थांबायचं. शिकणं खरं तर त्याच वेळी होतं. खालचा क्रम या रीतीने लावला आहे. आपल्या कॉम्प्युटरपासून निघायचं, एका पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या एका छोट्या पुडक्याच्या, मागोमाग बाहेर जायचं, मग स्वतः छोटं नेटवर्क उभारायचं आणि ते मुद्दाम बिघडवायचं.

सामान फार लागत नाही. एक कॉम्प्युटर, त्यावर वायरशार्क हे पॅकेट पकडून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, आणि सातव्या पायरीसाठी लिनक्स. व्हर्च्युअल मशीनमध्ये असलं तरी चालतं. महागडे जुने राउटर आणि स्विच विकत घेऊन सुरुवात करू नका. कमांडींची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरंच वापरायची. आणि एक नियम पहिल्यापासून पाळा: पॅकेट पकडायची ती स्वतःच्या नेटवर्कवर किंवा जिथे स्पष्ट परवानगी आहे तिथेच.

पायरी १ : आपण कोण, ते पाहा

विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /ऑल', लिनक्सवर 'आयपी ॲडर' आणि 'आयपी राउट', ॲपलच्या मॅकवर 'आयएफकॉन्फिग'. पडद्यावर बरंच काही येईल. सध्या पाचच गोष्टी शोधा: आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, घरी बहुधा तुमचा राउटर), डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता). डीएनएस आणि गेटवे काही वेळा दुसऱ्या कमांडीत किंवा सेटिंग्जमध्ये सापडतात. पाचही वहीत उतरवा, पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहेत.

आता पहिला अंदाज. तुमचा आयपी ॲड्रेस १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होतोय का? घरात किंवा ऑफिसात बहुधा होत असेल. हे तीन पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत आणि खुल्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. मग बाहेरच्या जगाला तुम्ही कोणत्या पत्त्याने दिसता? सर्च इंजिनमध्ये "माझा आयपी ॲड्रेस" शोधा. तिथे दिसणारा वेगळा आकडा म्हणजे तुमच्या राउटरने केलेलं नॅट. राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा तुमचा खासगी पत्ता काढून स्वतःचा लावतो आणि उत्तर आलं की कोणाचं ते लक्षात ठेवून परत देतो.

थोडं पुढे जायचं असेल तर राउटरच्या सेटिंग्जमध्ये त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर इंटरनेट पुरवणारी कंपनीही तिच्या पातळीवर आणखी एक नॅट करते आहे. घरच्या कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट घरातल्या ठरावीक यंत्राकडे पाठवायचं राउटरचं सेटिंग) लावूनही ते का चालत नाही याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर? म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून काहीच मिळालं नाही आणि कॉम्प्युटरने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता घेतला. हा आकडा ओळखता येणं एवढ्यानेही तक्रारींचा एक मोठा गठ्ठा पाच मिनिटांत निकालात निघतो.

पायरी २ : शेजारी की परका?

कोणतंही पॅकेट पाठवण्याआधी कॉम्प्युटर एकच प्रश्न सोडवतो: समोरचा माझ्याच नेटवर्कात आहे की बाहेर? सबनेट मास्क आहे तो फक्त या प्रश्नासाठी. सबनेटिंग हे परीक्षेपुरतं गणित समजून टाळणारे लोक पुढे प्रत्येक वळणावर अडतात.

समजा पत्ता १९२.१६८.१.७०/२६ आहे. ३२ पैकी २६ बिट नेटवर्कचे, उरले ६. म्हणजे २ चा ६ वा घात, ६४ पत्त्यांचा एक गट. शेवटच्या आकड्याचे गट झाले ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. आपला ७० दुसऱ्या गटात. त्यातला पहिला ६४ हा नेटवर्कचा, शेवटचा १२७ ब्रॉडकास्टचा (गटातल्या सगळ्यांना एकदम हाक घालायचा), मधले ६५ ते १२६ असे ६२ पत्ते वापरायला. मग १९२.१६८.१.१०० शेजारी, आणि १९२.१६८.१.१३० दिसायला जवळचा असला तरी परका. शेजाऱ्याला थेट, परक्याला गेटवेमार्फत.

काही दिवस अशी उदाहरणं हाताने सोडवा, कॅल्क्युलेटर साइट उघडू नका. /२४, /२६, /२८, /३० एवढे चार सराईतपणे आले तरी रोजच्या कामाला पुरतात.

पायरी ३ : दोन पत्ते कशाला?

नवख्यांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे असतो, म्हणून इथे वेळ घ्या. आयपी ॲड्रेस असताना मॅक ॲड्रेस कशाला? पुस्तकं पत्र आणि पाकिटाची उपमा देतात. ती एक दिवस चालते, मग आडवी येते, कारण इथलं पाकीट दर मुक्कामाला फाडून नवं केलं जातं.

वायरशार्क सुरू करा, जे कार्ड वापरात आहे ते निवडा. वरच्या फिल्टरच्या चौकटीत 'एआरपी ऑर आयसीएमपी' टाका. पिंग आणि चूक कळवणारे निरोप आयसीएमपीतून जातात, एआरपी काय ते पुढे येतंच. आता इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग करायचं आहे, पण त्याआधी वहीत लिहा: बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे पॅकेटभोवतीच्या त्या पाकिटावर, 'डेस्टिनेशन' म्हणून कोणाचा मॅक असेल आणि कोणाचा आयपी?

बरेच जण दोन्हीकडे १.१.१.१ चं यंत्र लिहितात. पॅकेट उघडून बघा. आयपी १.१.१.१ चाच आहे, मॅक मात्र तुमच्या गेटवेचा. समोरचा परका आहे हे पायरी २ मध्ये ठरलं, म्हणून फ्रेम गेटवेच्या हातात द्यायची. गेटवे ती फ्रेम उलगडतो, आतलं आयपी पॅकेट बाहेर काढतो आणि पुढच्या राउटरचा पत्ता घालून नव्या फ्रेममध्ये ठेवतो. प्रत्येक टप्प्यावर फ्रेम नवी. मुक्कामाचा आयपी शेवटपर्यंत तोच.

मग गेटवेचा मॅक कळतो कसा? एआरपीने. १९८२ पासूनचा हा प्रोटोकॉल अगदी सरळ आहे: "१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे?" अशी हाक नेटवर्कातल्या सगळ्यांना घालायची, ज्याच्याकडे आहे तो उत्तर देतो. मिळालेली उत्तरं 'एआरपी -ए' किंवा लिनक्सवर 'आयपी नेब' ने दिसतात. नोंद आधीपासून असेल तर वायरशार्कमध्ये हाक दिसणार नाही. ती पुसा आणि पुन्हा पिंग करा. एआरपी कुणाची ओळख तपासत नाही. जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास! नेटवर्क सुरक्षेतले काही जुने हल्ले या भाबडेपणावरच उभे आहेत.

यादीत फोनचा मॅक शोधत असाल तर एक लक्षात ठेवा: आजचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक दाखवू शकतात. मॅक बघून यंत्राची कंपनी ओळखायची जुनी युक्ती त्यामुळे आता दर वेळी लागू पडत नाही.

पायरी ४ : वाटेतले मुक्काम

पिंगच्या उत्तरात टीटीएल नावाचा आकडा असतो. लिनक्स यंत्रं तो साधारणपणे ६४ पासून सुरू करतात, विंडोज १२८ पासून, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. उत्तरात ५३ दिसला तर परतीच्या वाटेवर बहुधा ११ राउटर लागले. हा अंदाज आधी लिहा, मग 'ट्रेसराउट' चालवून मोजा. विंडोजवर त्याचं नाव 'ट्रेसर्ट'. आकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही, कारण जायची आणि यायची वाट वेगळी असू शकते.

ट्रेसराउटची युक्ती मजेदार आहे. तो मुद्दाम टीटीएल १ चं पॅकेट पाठवतो. पहिल्याच राउटरवर ते मरतं आणि तो राउटर "तुमचं पॅकेट इथे संपलं" असं कळवतो. मग टीटीएल २, मग ३. चूक कळवण्याच्या सोयीतून नकाशा काढला जातो. मधल्या ओळीत तारे आले तर घाबरू नका. बरेच राउटर असं कळवायचंच टाळतात, पुढची वाहतूक मात्र व्यवस्थित नेतात. तारे शेवटपर्यंत आले तरच विचार करायचा, आणि तेव्हाही आधी फायरवॉलवर (पॅकेट अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर) संशय घ्यायचा.

मिलिसेकंदांचाही हिशोब करा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद आणि जाऊन येऊन १०. एखादा सर्व्हर पाच हजार किलोमीटरवर आहे असं कुणी म्हणत असेल आणि पिंग ४ मिलिसेकंद येत असेल, तर तुम्हाला उत्तर देणारा सर्व्हर तिथे नाही, जवळच कुठेतरी आहे.

पायरी ५ : नावं

१९८३ च्या आधी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये ठेवलेली असत आणि सगळे तिच्या प्रती घेत. ते झेपेनासं झालं तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आजही तीच चालते: वर मूळ, त्याखाली कॉम, ऑर्ग यांसारखी टोकं, त्याखाली प्रत्येकाची आपापली नावं.

हे उघड्या डोळ्यांनी बघायला 'डिग +ट्रेस' पुढे कोणतंही डोमेन लिहा. आधी मूळ सर्व्हर, मग टोकाचा सर्व्हर, मग त्या डोमेनचा स्वतःचा, अशी उतरंड क्रमाने उलगडते. त्यानंतर साधं 'डिग' लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी टीटीएलचा आकडा कमी झालेला दिसला तर उत्तर साठवणीतून आलंय. हा टीटीएल सेकंदांत असतो, पायरी ४ मधल्याशी त्याचा संबंध नाही. एकाच नावाचे दोन आकडे ठेवून नवशिक्यांना उगीच छळलंय.

ब्राउझरमधून साइट उघडून वायरशार्कच्या 'डीएनएस' फिल्टरमध्ये काही दिसलं नाही, तर ब्राउझर कदाचित एन्क्रिप्ट केलेलं डीएनएस वापरत असेल. सरावासाठी 'एनएसलुकअप' किंवा 'डिग' बरं.

पहिल्या परिच्छेदातल्या तक्रारीचा अर्धा छडा आता लावता येतो. १.१.१.१ ला पिंग चालतं, पण नावाने काहीच उघडत नाही? दोष डीएनएसकडे. गेटवेलाच पिंग होत नाही? मग बाहेर बघण्यात अर्थ नाही, अडचण घरातच आहे.

पायरी ६ : पोर्ट आणि टीसीपी

पोर्ट म्हणजे एकाच यंत्रातल्या वेगवेगळ्या सेवांचे क्रमांक, आणि टीसीपी म्हणजे दोन यंत्रांत जोडणी करून मजकूर नेणारा प्रोटोकॉल. एका फोल्डरमध्ये साधी मजकुराची फाइल ठेवा आणि तिथून पायथनचा छोटा वेब सर्व्हर चालू करा: 'पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००'. आता 'एसएस -टीएलएन' किंवा विंडोजवर 'नेटस्टॅट -एएन' चालवा. ८००० वर ऐकत असलेली ओळ सापडेल. त्याच वायफायवरच्या दुसऱ्या यंत्राच्या ब्राउझरमधून तुमचा आयपी आणि पोर्ट टाकून फाइल उघडा. वायरशार्क चालू ठेवा.

पहिली तीन पॅकेट म्हणजे जोडणी सुरू करणारा प्रसिद्ध हँडशेक: सिन, सिन-ॲक, ॲक. त्यानंतर विनंती, मग तुमच्या फाइलमधला मजकूर, जसाच्या तसा वाचता येईल असा. आता कोणतीही एचटीटीपीएस साइट उघडून तेच बघा. मजकूर दिसत नाही, पण सुरुवातीच्या 'क्लायंट हॅलो' पॅकेटमध्ये साइटचं नाव बहुतेक वेळा उघडं असतं. कुलूप असूनही काय लपतं आणि काय लपत नाही, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मग सर्व्हर बंद करून पुन्हा जोडून बघा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" असा निरोप लगेच येईल. वायरशार्कमध्ये जोडणी नाकारणारं आरएसटी पॅकेट दिसेल. आता सर्व्हर चालू करून फायरवॉलने ८००० पोर्ट ड्रॉप करा. या वेळी नकारही येत नाही. बराच वेळ वाट बघून "टाइम्ड आउट". हा फरक लक्षात ठेवला तर पुढे कितीतरी तास वाचतात. नकार आला म्हणजे पॅकेट बहुधा पोचलं, फक्त तिथे ऐकणारं कुणी नाही, तेव्हा सेवा तपासा. नुसती शांतता असेल तर पॅकेट वाटेत कुणीतरी गिळलंय, किंवा उत्तराला परत यायला वाट नाही. फायरवॉल आणि राउटिंग तपासा.

आता थरांकडे परत या. वायरशार्कच्या खालच्या भागात कोणतंही वेब पॅकेट उघडा: इथरनेट, त्यात आयपी, त्यात टीसीपी, त्यात एचटीटीपी. थर म्हणजे एवढंच, आणि ते तुम्ही एकेक करून हाताळून झालेत. पाचवा आणि सहावा थर शोधूनही वेगळा सापडणार नाही. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट १ जानेवारी १९८३ ला टीसीपी/आयपीवर गेलं, ओएसआयचं प्रमाण मॉडेल १९८४ मध्ये आलं. इंटरनेट त्या सात खणांत बसवून बांधलेलंच नाही. बोलण्याची सोय म्हणून आकडे वापरा, त्यावर वाद घालू नका.

पायरी ७ : स्वतःचं नेटवर्क

इथवर तयार नेटवर्क बघितलं. आता लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमधून एकाच कॉम्प्युटरच्या पोटात तीन यंत्रं करायची: ए, आर आणि बी. मधला आर राउटर. सगळ्या कमांडी 'सुडो' लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने.

'आयपी नेटएनएस ॲड ए', तसंच आर आणि बी. मग 'आयपी लिंक ॲड' ने व्हेथ प्रकारच्या दोन जोड्या बनवा. व्हेथ म्हणजे दोन टोकांची आभासी केबल. पहिलीचं एक टोक ए मध्ये, दुसरं आर मध्ये. दुसरी केबल आर आणि बी मध्ये. टोक नेमस्पेसमध्ये ढकलायला 'आयपी लिंक सेट', त्यापुढे टोकाचं नाव, 'नेटएनएस' आणि नेमस्पेसचं नाव. आत जाऊन काही चालवायचं तर आधी 'आयपी नेटएनएस एक्झेक ए' लिहायचं. पत्ते असे द्या: ए ला १०.०.१.२/२४, आरच्या त्या बाजूला १०.०.१.१/२४, आरच्या दुसऱ्या बाजूला १०.०.२.१/२४, बी ला १०.०.२.२/२४. प्रत्येक टोक 'अप' करायला विसरू नका.

आता मजा. प्रत्येक वेळी आधी अंदाज, मग ए मधून १०.०.२.२ ला पिंग.

पहिल्या वेळी "नेटवर्क इज अनरीचेबल". ए ला परक्याकडे जायची वाटच माहीत नाही, त्यामुळे पॅकेट निघालंही नाही. ए मध्ये 'आयपी राउट ॲड डीफॉल्ट व्हाया १०.०.१.१' द्या.

दुसऱ्या वेळी शांतता. आर मध्ये 'टीसीपीडम्प' (पॅकेट दाखवणारी कमांड) लावा: पॅकेट येतंय, पुढे जात नाही. लिनक्सने दुसऱ्यांची पॅकेट पुढे न्यायची की नाही हे 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड' या सेटिंगवर ठरतं. आर मध्ये 'सिससीटीएल' ही कमांड चालवा. तिने किंमत बघा. ० असेल तर १ करा. आधीच १ असेल, जसं डॉकर (ॲप वेगळ्या खोक्यांत चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलेल्या यंत्रावर होऊ शकतं, तर प्रयोगासाठी आधी ० करून ही शांतता बघून घ्या.

तिसऱ्या वेळी चालणारच असं वाटतं, आणि पुन्हा शांतता! टीसीपीडम्प आता बी मध्ये लावा. विनंती बी पर्यंत येताना दिसते, उत्तर मात्र निघत नाही. बी ला १०.०.१ कडे परतायची वाट माहीत नाही. त्याला 'डीफॉल्ट व्हाया १०.०.२.१' दिला की चौथ्या वेळी पिंग धावतं.

जायची वाट सगळे तपासतात, यायची कुणी तपासत नाही. मोठमोठ्या नेटवर्कातले विचित्र बिघाड पुष्कळदा याच तिसऱ्या वेळेच्या टप्प्यावर अडकलेले असतात.

कंपन्यांतल्या राउटर-स्विचची भाषा शिकायची असेल तर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर घ्या आणि हेच नेटवर्क तिथे मांडा. व्हीलॅनचा (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करण्याचा) सराव तिथे जास्त सोपा जातो. नोकरीसाठी सीसीएनए ही सिस्कोची प्रमाणपत्र परीक्षा द्यायचा विचार असला तर त्याचा अभ्यासक्रम विषयांची यादी म्हणून चांगला आहे, मात्र सातवी पायरी झाल्यावर हातात घ्या.

पायरी ८ : बिघडवा

चालणाऱ्या नेटवर्कात एका वेळी एकच दोष घाला. बी चा मास्क /२४ ऐवजी /३२ करा. ए चा गेटवे १०.०.१.९ द्या आणि एआरपीच्या हाका अनुत्तरित राहताना बघा. एकाच सबनेटमध्ये दोघांना एकच पत्ता द्या. जमलं तर दोष मित्राला घालायला सांगा आणि तुम्ही शोधा. स्वतः घातलेला दोष शोधण्यात फसवणूक होते.

एक दोष खास सांगतो. आर आणि बी मधल्या केबलच्या दोन्ही टोकांचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० वरून १४०० बाइट करा. साधं पिंग छान चालेल. आता ए मधून 'पिंग -एम डू -एस १४७२' करा, म्हणजे तुकडे न करता मोठं पॅकेट. १४७२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की बरोबर १५००, आणि ते अडतं. आर "तुकडे करणं गरजेचं आहे" असा निरोप पाठवतो. आता फायरवॉलने तो आयसीएमपी निरोपच अडवला तर? साइट जोडली जाते, पान अर्धवट राहतं, लॉगिन होतं पण फाइल चढत नाही. सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद करणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून बघावाच.

हे सगळं जमलं की तीच प्रयोगशाळा आयपीव्ही६ वर, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीवर, मांडा. पत्ते १२८ बिटांचे. खासगी वापराला एफडी ने सुरू होणारे घ्या. फॉरवर्डिंगचं सेटिंग वेगळं आहे, आयपीव्ही४ चं चालू करून भागत नाही. आणि वायरशार्कमध्ये 'एआरपी' फिल्टर लावलात तर आयपीव्ही६ साठी एकही ओळ येणार नाही. शेजारी शोधण्याचं काम तिथे आयसीएमपीव्ही६ चे 'नेबर सॉलिसिटेशन' आणि 'नेबर ॲडव्हर्टाइजमेंट' हे निरोप करतात, आणि त्यातलं विचारणारं सॉलिसिटेशन सगळ्यांना हाक न घालता एका ठरावीक मल्टिकास्ट पत्त्यावर, म्हणजे ठरावीक गटाच्या पत्त्यावर, जातं. आर बी ला शोधतो तेव्हा तो पत्ता बी च्या आयपीच्या शेवटच्या २४ बिटांवरून बनतो. पॅकेट उघडण्याआधी तो वहीत लिहून काढता येतो का, बघा.